चमचाभर म्हणजे किती?

औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी कधी नीट वाचून पाहिली आहे का? या देशात मुलांच्या पातळ औषधावर केमिस्ट जी चिठ्ठी चिकटवतो, तिच्यावर बहुधा 'वन फाइव्ह एमएल स्पूनफुल' असे छापलेले असते. नुसते 'वन स्पून' नसते. बरोबरच आहे, चमचा काही कोणी गिळत नाही. चमच्यात मावेल तेवढे औषध गिळायचे असते. स्पून ही वस्तू, आणि स्पूनफुल हे त्या वस्तूत मावणारे प्रमाण. कप आणि कपफुल, बकेट आणि बकेटफुल, हँड आणि हँडफुल अशी ही नामे इंग्रजीत पुष्कळ आहेत. आपल्याकडे हे काम 'भर' करतो. चमचाभर, कपभर, बादलीभर, मूठभर.

हा 'भर' आपल्या वर्गातून हद्दपार होण्याची वेळ आली आहे, म्हणून हा लेख. आपल्या अंकातल्या पाककृतींच्या पानांसाठी एक सूचना आली आहे, की वाटीभर, चमचाभर, मूठभर असले शब्द नकोत. सगळे ग्रॅम आणि मिलिलीटरमध्ये लिहावे, कारण 'वाटीभर हे काही माप नव्हे'. तिच्या पाठोपाठ दुसरी सूचना आली ती लहान गटाच्या शब्दयादीबद्दल. मुलांना 'एक चमचा, दोन चमचे' एवढे आले तरी पुरे, भरचे शब्द यादीतून काढावेत.

सूचना करणाऱ्या काका-मावशींचा हेतू चांगला आहे यात आम्हाला शंका नाही. आपल्या मराठीला जीसीएसईची परीक्षा नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, आणि आठवड्याच्या सुट्टीतले थोडे तास हाताशी असतात. तेव्हा जे अचूक आणि उपयोगी असेल तेवढेच शिकवावे, असे त्यांचे म्हणणे. हे तत्त्व आम्हालाही मान्य आहे. पण 'भर' अचूक नाही हे आम्हाला मान्य नाही, आणि उपयोगी नाही हे तर मुळीच नाही.

आधी उपयोगाचे बोलू. भारतातल्या आजीशी फोनवर पाच मिनिटे बोलून पाहा. पोटभर जेवलास का? रात्रभर जागू नकोस. घोटभर दूध तरी घेत जा. क्षणभर आईला फोन दे. यातला 'भर' ज्याला कळत नाही त्याला आजीचे अर्धे बोलणे कळणार नाही. इथे वाढलेल्या मुलांच्या तोंडी याऐवजी काय येते ते आपण रोज ऐकतो. 'मी पूर्ण दिवस घरी होतो.' 'पूर्ण घरात शोधले.' 'एक फुल वाटी खाल्ली.' अर्थ पोचतो, नाही असे नाही. पण हे इंग्रजी वाक्य मराठी कपडे घालून आलेले असते. 'दिवसभर घरी होतो', 'घरभर शोधले', 'वाटीभर खाल्ले' असे म्हटले की वाक्य लहान होते आणि पलीकडच्या माणसाला पुन्हा विचारावे लागत नाही.

इंग्रजीचे 'फुल' भांड्याला लागते, हाताला आणि तोंडालाही लागते, पण दिवसाला लागत नाही. डेफुल किंवा नाइटफुल असे कोणी म्हणत नाही. मराठीने मात्र दिसेल त्याचे भांडे केले आहे. दिवसभर, गावभर, जन्मभर. बोट, वीत, हात ही लांबीची मापे, पण तीही बोटभर, वीतभर, हातभर. तोळाभर सोने, मैलभर वाट. (लहान गटासाठी एक इशारा: 'हातभर' म्हणजे हाताएवढे लांब, आणि 'हातभार' म्हणजे मदत. कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरायला हवा असतो तो हातभार.)

काळाचे भांडे ही नुसती कल्पना नाही, हे 'घटकाभर' या शब्दावरून कळते. 'घटकाभर बस' म्हणजे थोडा वेळ बस. पूर्वी वेळ मोजायला घटिकापात्र असे. तांब्याची एक वाटी, तिच्या तळाला बारीक भोक. ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येई, वाटी भरून बुडे, की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटे, आणि दिवस-रात्र मिळून अशा ६० घटका. लग्नाचा मुहूर्त साधायलाही हेच पात्र वापरीत. म्हणजे 'घटकाभर' हा शब्द 'वाटीभर' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. एकात साखर मोजली, दुसऱ्यात वेळ. एखाद्याचा शेवट जवळ आला की 'त्याची घटका भरली' असे म्हणतात, त्यातही तीच बुडणारी वाटी आहे. शब्दयादीतून भर काढताना हे सगळे बाहेर जाते.

व्याकरणाच्या दृष्टीनेही हा शब्द कठीण नाही, उलट सोपा आहे. मराठी शिकणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त छळते ते सामान्यरूप: चमचा, पण चमच्यात, चमच्याने, चमच्याला. 'भर' लावताना मात्र बहुधा काही बदलावे लागत नाही. चमचाभर, पेलाभर, डबाभर. पुढे बदल होतो तो साखरेत किंवा दुधात, चमचा तसाच राहतो.

एक खुबी मात्र शिकवायला हवी. इंग्रजीत स्पूनफुल मोजता येतात, टू स्पूनफुल्स, थ्री स्पूनफुल्स. (जुन्या लिखाणात 'स्पून्सफुल' असेही आढळते, आता पहिले रूप रूढ आहे.) मराठीत 'दोन चमचेभर साखर' कानाला खटकते. आपण 'चमचाभर साखर' म्हणतो आणि 'दोन चमचे साखर' म्हणतो. दोन आले की भर गळून पडतो, कारण भरच्या पोटातच 'एक' बसलेला आहे. म्हणून यादीत 'चमचाभर, दोन चमचे, तीन चमचे' असा क्रम लावावा असे आम्ही सुचवतो. 'एक चमचा'ची हकालपट्टी करा असे आमचे म्हणणे नाही. पण चमचाभर न शिकवता फक्त एक चमचा शिकवला, तर मुलाला वस्तू कळते आणि प्रमाण निसटते.

वस्तू आणि प्रमाण यांचा हा घोळ इंग्रजीतही होतो. 'थ्री बकेटफुल्स' म्हणजे तीन बादल्यांएवढे पाणी. बादली एकच असली आणि तीनदा भरली तरी चालेल. 'थ्री बकेट्स फुल' म्हणजे मात्र भरलेल्या तीन बादल्या समोर असायला हव्यात. पाणी तेवढेच, बादल्यांचा हिशेब वेगळा. यावरून नाटकाची आठवण होते. मराठी नाटकाची सगळी तिकिटे खपली की दाराशी 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागते. लंडनच्या नाट्यगृहांतली पाटी दोन सुट्या शब्दांची असते, 'हाउस फुल', म्हणजे घर भरले. 'हाउसफुल' असा जोडून लिहिला की तो दुसराच शब्द होतो, 'घरभर माणसे' यातला. आपण दोन्ही एक करून, वर आणखी एक ल चढवून, शब्द मराठी करून टाकला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पाटी लागली की निर्माता खूश आणि आपणही खूश.

शब्दांच्या कुळाविषयी दोन ओळी लिहितो, कारण वर्गात नेहमी विचारतात की भर आणि फुल हे नातेवाईक आहेत का. नाहीत. इंग्रजी 'फुल' हा आपल्या 'पूर्ण'चा दूरचा भाऊ. संस्कृतातल्या प च्या जागी इंग्रजीत पुष्कळदा फ येतो, जसे पितृ आणि फादर. त्या नात्याने पुरणपोळीतले पुरणही फुलच्याच घरातले. आपला 'भर' मात्र संस्कृत 'भृ' या धातूकडचा, आणि त्याचे इंग्रजी भावंड 'बेअर', म्हणजे वाहणे, पेलणे. म्हणजे इंग्रज भांडे किती पूर्ण झाले ते पाहतो, आणि आपण ते किती पेलते ते. हा फरक फार ताणू नये, पण मुलांना सांगायला गंमतीचा आहे.

त्याहून कामाची जोडी म्हणजे 'भर' आणि 'पुरते'. चवीपुरते मीठ, चमचाभर तूप. मिठाचे माप चवीवर ठरते, तुपाचे चमच्यावर. पोटभर जेवणे आणि पोटापुरते मिळवणे यांत केवढे अंतर आहे ते नोकरीच्या शोधात असलेल्या कोणालाही विचारा. इंग्रजीत 'बेलीफुल' शब्द आहे, पण तो आज बहुधा वैतागाने वापरतात. 'आय हॅव हॅड अ बेलीफुल' म्हणजे आता पुरे झाले बाबा. आपले पोटभर त्याच्या अगदी उलट, समाधानाचे. 'इयरफुल' मिळणे म्हणजे बोलणी खाणे, आणि आपले 'कान भरणे' म्हणजे कोणाविरुद्ध चुगली करणे. कान तेच, भरलेला माल निराळा. असे शब्द शब्दाला शब्द ठेवून शिकवता येत नाहीत, म्हणून तर ते वर्गात बसून शिकायचे.

आता अचूकपणाकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे. वाटीभर हे माप नव्हे असे जे म्हणतात त्यांनी 'माप' हा शब्दच पाहावा. मराठीत माप म्हणजे मोजणी आणि माप म्हणजे भांडेसुद्धा. नवी सून घरात येताना उंबरठ्यावरचे धान्याने भरलेले माप पायाने लवंडते, आणि आपण म्हणतो 'माप ओलांडले'. इथल्या लग्नांत त्या जागी स्टीलचा पेला किंवा तांब्या ठेवलेला असतो, शब्द मात्र माप हाच. धान्य पूर्वी भांड्यानेच मोजत, तराजूने नव्हे. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मोल्सवर्थ साहेबांचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तो उघडला तर हे भांड्यांचे आख्खे घराणे त्यात भेटते. एका इंग्रजाला ते जपण्यासारखे वाटले एवढे नमूद करून पुढे जातो.

भांड्याच्याही आधी माप होते ते हाताचे. इंग्रजीत सगळ्याला 'हँडफुल'. मराठीत मिटलेल्या हातात राहील ती मूठ, एका हाताचा तळवा खोलगट करून घेतला तर पसा, आणि दोन्ही तळवे जोडले तर ओंजळ. दोन बोटांत धरली ती चिमूट वेगळीच. पण इंग्रजांकडे ओंजळ नव्हती असे मात्र नाही. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत ओंजळीला 'गाउपन' हा शब्द आहे, आणि मुठीला 'नीव्ह'. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला ठरलेल्या गिरणीतच धान्य दळावे लागे, आणि गिरणीच्या नोकराचा हक्क म्हणून पिठाची एक गाउपन द्यावी लागे. ओंजळभर पीठ हा तिथे कायद्यातला शब्द होता! लंडनच्या पुस्तकी इंग्रजीने तो सोडून दिला. इंग्रजांनी आपली ओंजळ गमावली म्हणून आपणही गमवावी असे थोडेच आहे?

आपल्याकडे ओंजळीचा मान याहून जुना. चरकसंहितेत शरीरातले द्रव पदार्थ अंजलीने मोजले आहेत: रक्त आठ अंजली, पाणी दहा अंजली. आणि अंजली कोणाची? ज्याचे शरीर त्याचीच. लहान मुलाच्या अंगातले रक्त त्याच्या चिमुकल्या ओंजळीने मोजायचे, पैलवानाचे पैलवानाच्या. आकडे आजच्या वैद्यकाशी जुळोत न जुळोत, पण मोजण्यामागचा विचार पाहा. इथे मापाचा बदलतेपणा हा दोष मानलेला नाही, तोच त्याचा उपयोग आहे.

आणि मूठभर म्हणजे थोडे, क्षुल्लक असे कोणी समजत असेल तर त्याने मुष्टिफंड आठवावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी घरोघरच्या बायकांनी दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे, आणि ते गोळा करून आणायचे, असा तो फंड. ज्या घरात रोकड नव्हती त्या घरात मूठ होती. किती ग्रॅमची मूठ, असे कोणी विचारले नसावे.

मग लबाडी होत नव्हती का? होत होती, भरपूर. 'मापात पाप' ही म्हण आपलीच. भांडे सपाट भरायचे की वर शीग लावायची, यावरच बाजारात अर्धी भांडणे होत. शीग म्हणजे मापाच्या काठावर चढणारा ढीग. 'उत्साह शिगेला पोचला' असे आपण लिहितो ते याच ढिगावरून. इंग्लंडातही हेच होते. कोळसा, चुना, बटाटे, फळे ही शीग लावून मोजत, आणि ती शीग केवढी यावर वाद. अखेर १८३५ च्या कायद्याने शिगेचे माप बंद झाले. त्याआधी १८२४ साली गॅलनचे माप साऱ्या देशासाठी एक केले: ठराविक उष्णतामानाचे दहा पौंड पाणी ज्यात मावेल तो गॅलन. आणि त्याच्याही सहा शतके आधी, १२१५ च्या मॅग्ना कार्टात, दारूचे, बिअरचे आणि धान्याचे माप राज्यभर एकच असावे असे कलम आहे. राजाकडून प्रजेने जे हक्क लिहून घेतले त्यांत हेही होते, यावरून भांड्याचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता ते दिसते.

या सगळ्यात आमच्या मुद्द्याची गोष्ट अशी, की कायद्याने शब्द मोडला नाही, भांडे पक्के केले. पाइंट तसाच राहिला. २००० सालापासून इथे सुटा माल ग्रॅम-किलोत विकणे सक्तीचे झाले, तरी पिंपातली बिअर पाइंटनेच मिळते, आणि परत करायच्या बाटलीतले दूधही. आपल्या फ्रिजमधल्या मोठ्या दुधाच्या बाटलीवर २.२७२ लिटर असा विचित्र आकडा का असतो? कारण ते चार पाइंट आहेत. हा देश ग्रॅमही लिहितो आणि पाइंटही सोडत नाही, आणि आपण मात्र वाटीला लाजतो.

भारतात १९५६ सालच्या कायद्याने दशमान वजने-मापे आणायचे ठरले, १९५८ पासून ती हळूहळू लागू झाली आणि शेर-पायली व्यवहारातून गेली. तरी सत्यनारायणाचा प्रसाद बिघडला नाही. का? कारण त्याचे प्रमाण 'सव्वा' आहे. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. सव्वा काय? पूर्वी सव्वा पावशेर असेल, आज सव्वा वाटी, मोठी पूजा असेल तर सव्वा किलो. माप बदलले, प्रमाण टिकले. वाटीचे खरे सामर्थ्य हेच. भाताला एकास दोन पाणी म्हटले की वाटी पुण्याची असो की लेस्टरची, भात तोच होतो, फक्त कमी-जास्त माणसांना पुरतो. अट एकच, की सुरुवातीला घेतलेली वाटी शेवटपर्यंत बदलायची नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले ते वाटी-चमच्याच्या भाषेत, आणि घरोघर चालले. अमेरिकेत आजही बहुतेक घरांत कपाने मोजून केक करतात. तराजू घेऊन बसणे ही इथली, ब्रिटिश स्वयंपाकघराची सवय आहे. चांगली सवय आहे, पण ती सुधारलेपणाची खूण समजण्याचे कारण नाही. आणि ब्रिटनमध्येही मिसेस बीटनना १८६१ च्या आपल्या जाड पुस्तकात टेबलस्पूनफुल म्हणजे किती आणि टीस्पूनफुल म्हणजे किती हे समजावून सांगावे लागलेच.

प्रमाण कुठे कोसळते तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कृतीत नुसत्या वाट्या असतील तर काही बिघडत नाही. पण वाटीच्या जोडीला चमचे आले, किंवा बाजारातून मोजून आलेली वस्तू आली, की गणित चुकते. आंब्याच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा सगळ्यांकडे सारखा, पण त्यात घालायच्या दोन वाट्या चक्क्यातली वाटी मात्र प्रत्येकाची वेगळी. अंड्याचेही तसेच. तिथे वाटी केवढी हे कळलेच पाहिजे.

आणि औषधाला तर घरातला चमचा कधीच नको. इथे आम्ही सूचना करणाऱ्यांच्या पूर्ण बाजूने आहोत. चिठ्ठीवरचा स्पूनफुल ५ मिलिलीटरचा असतो. ड्रॉवरमधले चहाचे चमचे त्याहून लहान असतात आणि मोठेही असतात. भारतातून आलेली आजी 'चमचाभर दे' म्हणाली तर बाटलीबरोबर आलेला प्लॅस्टिकचा चमचा किंवा सिरिंजच काढावी. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स' चित्रपटात औषधाबरोबर चमचाभर साखर घेण्याचे गाणे आहे, ते सगळ्यांना पाठ असते. साखरेचा चमचा कोणताही चालेल, औषधाचा नाही.

राहता राहिला 'सगळे ग्रॅममध्ये लिहा' हा आग्रह. आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. आजीने फोनवर सांगितले 'दोन वाट्या मैदा, वाटीभर साखर', तर त्याचे ग्रॅम करणार कसे? मैदा आणि साखर एका मापाच्या भांड्यात सारखी भरत नाहीत. २५० मिलिलीटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम मावते आणि मैदा १२५ ग्रॅमच्या आसपास. आणि आजीची वाटी २५० ची असेलच असे कुठे आहे? म्हणजे ग्रॅम करायचे तरी आधी तिची वाटी मोजावी लागणार. ती न मोजता कोणी टेबलावर बसून आकडे घातले, तर पान दिसायला अचूक दिसेल आणि शंकरपाळे तळताना तेलात विरघळतील. मूळ शब्द पुसले गेले असतील तर चूक कुठे झाली तेही शोधता येणार नाही. आजी विचारायला नेहमीच असते असे नाही. म्हणून ती ज्या शब्दांत सांगते ते शब्द आधी जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, मग त्यांच्याखाली हवे तेवढे ग्रॅम लिहावेत.

आमची विनंती अशी. शब्दयादीत भर राहू द्यावा. पाककृतींच्या पानांवर वाटीभर, चमचाभर, चिमूटभर हेच शब्द छापावेत, आणि प्रत्येक कृतीच्या डोक्यावर एक ओळ घालावी: 'या कृतीतली वाटी: काठोकाठ पाणी ... मिलिलीटर'. मोजायला अवघड काही नाही. वजनाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, वाटी पाण्याने काठोकाठ भरायची. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलीटर. शीग लावून मोजायची सवय असेल तर तसे शेजारी लिहावे. भारतात सुट्टीला जाणाऱ्यांनी आजीच्या, मावशीच्या, काकूच्या घरची वाटी तिथेच मोजून आकडा लिहून आणावा. वाटीच उचलून आणू नये.

काटा आम्ही पुढच्या वर्गाला घेऊन येतो. ज्यांना घरी जमणार नाही त्यांनी वाटी घेऊन यावे, मधल्या सुट्टीत मोजून देऊ. वाटीच्या तळाला नावाची चिठ्ठी लावावी, स्टीलच्या सगळ्या वाट्या सारख्याच दिसतात. लग्नात मिळालेली, नाव कोरलेली वाटी असेल तर चिठ्ठीची गरज नाही.